सत्तावीस, पूर्ण

दगड उचलेपर्यंत ती सकाळ इतर सकाळींसारखीच होती. शाळेच्या हजेरीपटांचे पुठ्ठे दाबून ठेवायचे होते, म्हणून बाइंडरने कोपऱ्यातला सपाट काळा दगड दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला आणि त्याखालच्या दोन फळ्यांपैकी वरची सरकवली. आत टीपकागद होता. तो तिथे असायचं काही कारण नव्हतं. उलगडला तर आत सोळा पानांचा एक फर्मा, नीट घडी घातलेला, सुकून खडखडीत झालेला. कोपऱ्यात त्याच्याच बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं : अठरा. पानांवरची लिपी त्याला वाचता येत नव्हती; वाचता येत नव्हती म्हणूनच ती कुणाची हे ओळखायला क्षणही लागला नाही. पहिली गोष्ट त्याने केली ती ही, की मागे वळून दुकानाच्या दाराकडे बघितलं. दार सताड उघडं होतं. समोरचा काचवाला खिडकीची चौकट मांडीवर घेऊन काचेच्या कडेने लांबी भरत बसला होता आणि नेमकी तेव्हाच त्याने मान वर केली. बाइंडरने तो फर्मा टीपकागदासकट छातीशी धरला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, स्वतःच्याच दुकानात, चोरासारखा.

सात आठवडे झाले होते तो ग्रंथ परत जाऊन. पलीकडच्यांचा ग्रंथ. या शहरात ‘पलीकडचे’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. मधे फाटक आहे, फाटकाच्या दोन्ही तोंडांना दोन चौक्या आहेत. ते सकाळी उघडतं, दिवेलागणीला बंद होतं, आणि एखाद्या महिन्यात उघडतच नाही. हे सगळं कशावरून सुरू झालं असं विचारलं तर फाटकाच्या या बाजूच्याच दोन म्हाताऱ्यांची जुंपते. अशा दिवसांत एका दुपारी पलीकडचा एक उंच, वाकलेला म्हातारा चादरीत गुंडाळलेलं काहीतरी तान्ह्या मुलासारखं उराशी धरून दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला होता. त्यांच्या प्रार्थनाघरात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचून दाखवणारा तो वाचक. ‘तुमच्या वडिलांनी बांधलाय हा,’ तो म्हणाला होता. ‘आमच्याकडे आता बाइंडर उरला नाही. होता तो—’ आणि पुढचं त्याने सोडून दिलं, कारण होता तो कसा गेला हे दोघांनाही माहीत होतं, आणि कुणाच्या हातून गेला हेही. बाइंडरने ग्रंथ घेतला. का घेतला, याचं उत्तर त्या वेळी त्याच्याजवळ तयार होतं. रोज संध्याकाळी दिवा लावून तो आणि बायको प्रार्थना म्हणत, तिच्यात शेवटून दुसरी ओळ होती : ज्यांनी आमचं वाईट केलं, त्यांचंही भलं कर. लहानपणापासून म्हणत आलेली ओळ. त्या संध्याकाळी ती म्हणताना त्याला स्वतःविषयी जरा बरं वाटलं होतं. चला, आपण नुसतं म्हणत नाही, करतोही. आता टीपकागद हातात घेऊन उभं असताना त्याला ते बरं वाटणं आठवलं.

वडिलांची कामाची एक रीत होती. शिवण झाली, की पुस्तकाच्या कण्यावर कातडं चढवण्याआधी ते सगळे फर्मे अंगठ्याने मोजायचे. पुस्तक उभं धरायचं आणि अंगठा कण्यावरून वरून खाली न्यायचा; प्रत्येक घडी अंगठ्याला टोचते. मग उघड्या कण्यावर पेन्सिलीने आकडा लिहायचा आणि पुढे ‘पूर्ण’. त्यावर पिठाची खळ, त्यावर कातडं. पुस्तक पुन्हा कधी फाटेस्तोवर ती अक्षरं कुणाला दिसणार नाहीत. लहानपणी त्याने विचारलं होतं, दिसणार नाही तर लिहायचं कशाला? वडील म्हणाले होते, ‘जे झाकलं जाणार, ते आधी खरं असावं लागतं.’ पलीकडच्यांच्या त्या ग्रंथाचं कुजलेलं कातडं सोलल्यावर आतून वडिलांचं अक्षर निघालं : सत्तावीस, पूर्ण. तेव्हा फाटक नव्हतं. तेव्हा हा ग्रंथ नुसता एक ग्रंथ होता आणि वडील नुसते बाइंडर. त्याने एकेक फर्मा सोडवला, फाटलेल्या घड्यांना पातळ कागद लावला, लिपी येत नाही म्हणून कोपऱ्यात आकडे घातले. अठराव्यावर एक तपकिरी डाग होता. चहाचा असेल, तेलाचा असेल. तो त्याने पाण्यात धुतला, गेला नाही. पुन्हा धुतला आणि इतरांपासून वेगळा, दगडाखाली, सुकायला ठेवला. हे सगळं आता घडत असल्यासारखं त्याला दिसत होतं. न दिसण्यासारखं फक्त एकच होतं : शिवणीचा दिवस. त्या दिवशी फाटकाकडे दोनदा काहीतरी वाजलं होतं, दुकानं धडाधड बंद होत होती, बायको वरून हाका मारत होती, आणि त्याने कण्यावरून अंगठा फिरवला होता. फिरवला होता, एवढं नक्की. अंगठा मधे कुठेतरी किंचित घसरला होता, दोन पायऱ्यांऐवजी एकच उतरल्यासारखा. अंगठ्याला कळलं होतं. चोपन्न वर्षं फर्मे मोजत आलेला अंगठा, त्याला न कळून कसं चालेल? आणि तरी त्याने पेन्सिल उचलली, लिहिलं : सत्तावीस, पूर्ण. कातडं चढवलं. सात आठवडे ते खोटं तिकडे, त्यांच्या देवासमोर, कातड्याखाली बसून होतं.

“काय बाइंडर, भूत बघितलं काय?” काचवाला रस्ता ओलांडून दारात आला होता. हाताला लांबीचा वास. त्याच्या धंद्याला या शहरात मरण नव्हतं. तो स्वतःच म्हणे, महिनाभर शांतता राहिली की माझ्या घरची चूल थंड, तेव्हा जरा जोरात भांडा रे बाबांनो. बाइंडरने फर्मा हजेरीपटांखाली सरकवला. “ऐकलंस का,” काचवाला पायरीवर टेकला, “पलीकडे एक जण शेंगदाणे विकायचा. पुडीला रद्दीतला कागद. त्यात त्यांच्या ग्रंथाचं एक पान गेलं म्हणे. त्यांचाच जातभाई हां, त्यांच्यातलाच. दोन्ही हात मोडले. दोन्ही! म्हणजे पुडी बांधायची सोयच ठेवली नाही.” आणि तो हसला. काचवाला वाईट माणूस नव्हता. हसू त्याला कुठल्याही गोष्टीवर यायचं, स्वतःच्या मेव्हण्याच्या मयतातसुद्धा आलं होतं. “आपल्या एखाद्याच्या हातून झालं असतं तर?” बाइंडरने विचारलं, आवाज स्वतःचाच वाटेना. “मग काय! मग मी चार पेट्या काच आणून ठेवली असती.” काचवाला उठला, ढुंगण झटकलं. “तू कशाला पांढरा पडतोस? तुझा काय संबंध?”

संबंध. काचवाला गेल्यावरही तो शब्द दुकानात राहिला, लांबीच्या वासासारखा. बाइंडरने दोन्ही हात पुस्तकं दाबायच्या शिकंज्याच्या लाकडी दांड्यावर ठेवले आणि त्यांच्याकडे बघितलं. या हातांनी हे मुद्दाम केलं का? त्याने स्वतःला सरळ विचारलं, आणि सरळ उत्तर आलं नाही. माणूस हातांना विचारून काम करत नाही. सुई चालते, दोरा ओढला जातो, मन भलतीकडे असतं. त्या दिवशी मन कुठे होतं? धाकट्याकडे होतं. फाटकाकडे काही वाजलं की ते तिकडेच जायचं. तेहतीस वर्षं जात होतं. धाकटा भाऊ बावीस वर्षांचा होता. पलीकडच्या एका शाळेची पुस्तकं बांधून तयार होती आणि ती पोचवायची पाळी बाइंडरची होती. पण त्या दिवशी बांधायला आलेली एक कादंबरी त्याच्या हातात होती, शेवटची चाळीस पानं उरली होती, आणि तो मान वर न करता म्हणाला होता, ‘तू जाऊन ये ना. माझं डोकं दुखतंय.’ धाकट्याने गठ्ठा खांद्यावर घेतला. ‘डोकं दुखतंय म्हणून वाचतोयस?’ एवढंच म्हणाला, आणि शीळ घालत गेला. कादंबरी संपायच्या आधी बातमी आली. शेवटची अकरा पानं त्याने कधीच वाचली नाहीत. ते पुस्तक तसंच बांधून देऊन टाकलं. गोळी कुणी घातली ते कळलं नाही. पलीकडच्यांनी, एवढं कळलं. तेवढं पुरेसं होतं. गठ्ठ्यातली पुस्तकं मात्र कुणीतरी दुसऱ्या दिवशी फाटकाशी आणून ठेवली होती, पुसून.

त्या संध्याकाळपासून आई प्रार्थनेत त्या ओळीशी आली की गप्प व्हायची. रडायची नाही, चिडायची नाही. ओठ मिटून घ्यायची, ती ओळ जाऊ द्यायची, आणि पुढच्या ओळीला पुन्हा सुरू व्हायची. एखाद्या घरावरून जाताना नजर खाली घालावी तशी. आणि तो, तिचा थोरला, ती ओळ जरा मोठ्याने म्हणायचा. आईचं न म्हणणं कुणाला ऐकू येऊ नये म्हणून, अशी त्याची समजूत. आई गेली तरी ती मोठ्याने म्हणायची सवय राहिली. लोक म्हणत, एवढं होऊनही बघा. कौतुक करत. त्यालाही ते खरं वाटत आलं होतं. आता वाटलं, तोंड तेहतीस वर्षं एक म्हणत होतं आणि अंगठा दुसरंच म्हणत होता की काय.

दुपारी जेवताना बायकोला सांगितलं. तिने घास तसाच धरून ऐकलं.

“जाळून टाका,” ती म्हणाली. मग घास खाली ठेवला. “नको. जाळू नका. देवाचं काहीतरी असेल त्यात.”

“त्यांच्या देवाचं.”

“कुणाच्याही देवाचं असेना. जाळलं तर वास आपल्या घरात राहील.” तिने आवाज खाली आणला. “कुणाला कळलंय?”

“त्यांना कळलं असतं तर एव्हाना कळवलं असतं त्यांनी.”

“मग गप्प बसा. सात आठवडे नाही कळलं, सात वर्षं नाही कळणार. लोक काय मोजत बसतात?”

“वाचतात ते. रोज वाचतात.”

“मग तुम्ही काय करणार?” आणि त्याच्या तोंडाकडे बघून तिला उत्तर कळलं. “अहो, वेड लागलंय का? जन्मात कधी भाजीवाल्याशी घासाघीस केली नाहीत. नासकं वांगं पदरात घेऊन येता. आणि फाटक ओलांडून जाणार? काय सांगणार त्यांना, चुकून राहिलं?”

तेच तर. काय सांगणार? ‘चुकून’ हा शब्द जिभेवर ठेवून बघितला तर तो बसत नव्हता. ‘मुद्दाम’ ठेवला तर तोही नाही. संध्याकाळपर्यंत त्याने दारावरून जाणाऱ्या प्रत्येक पावलाला कान दिला. फर्म्याच्या घडीला कापडाची एक पातळ पट्टी शिवली. ती पट्टी सतराव्या आणि एकोणिसाव्या फर्म्यांच्या मधल्या खाचेत खळीने बसवली की कातडं न उघडता काम होतं. हे करताना हात अजिबात थरथरले नाहीत, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

सकाळी बनियनच्या आत, पोटाला लावून, त्याने फर्मा ठेवला. वरून सदरा, वरून कोट. जेवणाच्या डब्यात ताजी खळ घेतली, कोटाच्या खिशात घडी दाबायची हाडाची पट्टी. फाटकाशी रांग होती. पलीकडच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे अलीकडचे लोक जात, तेवढी सवलत होती. त्याच्याजवळ त्या डॉक्टरची जुनी चिठ्ठी होती. रांगेत पुढे सरकताना पानांच्या कडा पोटाला टोचत होत्या. धाकटा याच दगडांवरून गेला असेल, शीळ घालत. आपल्याला शीळ घालता येत नाही, आधीही येत नव्हती, असा काहीतरी निरर्थक विचार मनात येत राहिला. अलीकडच्या चौकीवर ओळखीचा शिपाई निघाला, त्याच्या पोरीच्या वह्या बाइंडरकडे येत. त्याने नुसती मान हलवली. पलीकडच्या चौकीवरच्या जवानाने चिठ्ठी दोन्ही बाजूंनी बघितली, मग डब्याला बोट लावलं.

“यात काय?”

“पेज,” बाइंडर म्हणाला. बांधणीची खळ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न, काय बांधायला निघालात? “पोट बिघडलंय. दुसरं काही चालत नाही.”

जवानाने झाकण काढलं, वास घेतला. “निळसर दिसतीये तुमची पेज.”

“भांडं तांब्याचं आहे. कल्हई गेलीय.”

“मागच्या महिन्यात एकाच्या डब्यातून भलतंच निघालं. खा बघू दोन घास.”

खळीत मोरचूद असतो. कागदाला किडा लागू नये म्हणून बाइंडर लोक चिमूटभर घालतात. त्याच्या बाटलीवर वडिलांनीच लाल शाईने ‘विष’ लिहून ठेवलं होतं. बाइंडरने दोन बोटं बुडवली आणि चाटली. पुन्हा बुडवली, पुन्हा चाटली. तोंडभर जुन्या नाण्याची चव पसरली. “मीठ कमी पडलं वाटतं,” जवान म्हणाला आणि मागचे दोघं हसले. त्यानेही हसून बघितलं. मग तो चालत सुटला. पलीकडची घरं अलीकडच्यासारखीच होती. दोरीवर वाळत घातलेले कपडे, खिडकीतून कुणीतरी कुणालातरी ओरडत होतं की नळ गेला, किती वेळा सांगू. त्याला कुणी हटकलं नाही. प्रत्येक जण हटकणार असं मात्र वाटत होतं. पाठीवर शंभर अंगठे फिरत होते, कुठे पायरी चुकते ते बघत.

प्रार्थनाघराच्या मागच्या अंगाला वाचकाची खोली होती. दार उघडलं. वाचकाने त्याला बघितलं, मग त्याच्या डावीकडे आणि उजवीकडे गल्लीत बघितलं, मनगट धरलं आणि आत खेचून दार लावून घेतलं. कडी घातली. संपलं, बाइंडरच्या मनात आलं. खरंच संपलं. खोलीत एक खाट, एक टेबल, आणि टेबलावर चादरीत तो ग्रंथ. मनगट न सोडताच वाचकाने दाराला कान लावला, बाहेर कुणी नाही ना याची खात्री केली.

“सात आठवडे झाले तुमची वाट बघतोय,” वाचक दबक्या आवाजात म्हणाला. “मला वाटलं, तुम्हाला कधी सापडणारच नाही.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“आणला त्याच दिवशी पान न् पान चाळलं. मला काय ते नवीन आहे?” तो खाटेवर बसला. “महिन्याभरात ग्रंथ एकदा पुरा होतो. ती पानं आली तेव्हा मी आपली पानं उलटत राहिलो आणि तोंडाने म्हणत राहिलो. पाठ आहेत. म्हणजे होती. समोरच्या बाकावर माझा पुतण्या बसतो. त्याच्या दोन्ही मुलांना तुमच्या लोकांनी— असू द्या. त्याला कळलं असतं तर त्याने पहिली तुमची वाट धरली असती.”

“तुम्ही मला वाचवलंत,” बाइंडर म्हणाला.

“छे!” वाचक जवळजवळ चिडला. “तसलं काही समजू नका. पुस्तक तुमच्याकडे न्यायचं मीच सगळ्यांच्या गळी उतरवलं होतं. तुमच्यानंतर माझीच पाळी. मी भ्यालो होतो. अजूनही भितोय. परवा ती पानं पुन्हा आहेत, आणि आता पाठ राहिलेलं नाही माझं, मधलं मधलं जातं.” मग त्याने मान वर केली. त्याचे डोळे पाणावलेले होते, पण नजर हलत नव्हती. “एक विचारतो. मुद्दाम केलंत?”

हाच प्रश्न. येताना वाटेत त्याच्यासाठी त्याने तीन उत्तरं तयार केली होती. तिन्ही चांगली होती, पुस्तकी होती. तोंड उघडलं तर नाण्याची ती चव वर आली.

“माहीत नाही,” बाइंडर म्हणाला. “खरंच माहीत नाही. अंगठ्याला कळलं होतं. मी थांबलो नाही.”

बाहेर गल्लीतून एक सायकल गेली, सैल मडगार्ड वाजवत. वाचकाचा चेहरा काय करतोय हे बघायचं त्याला धाडस होत नव्हतं. आणि मग एकाएकी पोट आतून पिळवटलं, तो भिंतीला धरून वाकला आणि मोरीपर्यंत कसाबसा पोचला. हिरवट पाणी. पुन्हा. पुन्हा. डोळ्यांपुढे अंधारी आली. तेवढ्यात कपाळाखाली एक हात आला, कोरडा, मोठा, आणि त्या हाताने त्याचं डोकं धरून ठेवलं, लहान मुलाचं धरतात तसं. आई गेल्यानंतर असं कपाळ कुणी धरलं नव्हतं. “काय खाल्लंत?” वाचक विचारत होता. “खळ,” तो म्हणाला, आणि ओकाऱ्यांच्या मधे डब्याची सगळी हकिगत सांगितली. मग कपाळाखालच्या हाताला धक्के बसू लागले, तेव्हा बाइंडरला कळलं की तो हसतोय, आवाज न करता, शेजारी कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून तोंड दाबून. “अहो, माझ्याकडे पीठ होतं की,” तो म्हणाला. “पातेलंही होतं, चूलही होती.” एक अख्खा जन्म खळ करण्यात गेला, पण पलीकडेही पीठ असेल हे बाइंडरच्या डोक्यात आलं नव्हतं.

चार तांबे पाणी पोटात जाऊन परत आल्यावर तो टेबलाशी बसला. बनियनमधून फर्मा काढला. घामाने कडा जराशा मऊ झाल्या होत्या. वाचकाने तो दोन्ही हातांनी घेतला, डोळ्यांजवळ नेला, ओठ हलवत काही ओळी वाचल्या.

“काय आहे यात?” बाइंडरने विचारलं. रात्रभर वाटत होतं, शापवाणी असेल; नाहीतर नेमकी क्षमेची पानं असतील, आणि मग आपलं काय होईल.

“नावं. कोण कुणाचा मुलगा. अमक्याचा तमका, तमक्याचा फलाणा. सोळा पानं नुसती नावं.” वाचकाने फर्मा खाली ठेवला. “निम्मे लोक पेंगतात. म्हणून तर निभावलं.” तो थांबला. “तीन-चार ठिकाणी अडलो. तोंड थांबवलं असतं तर सगळे जागे झाले असते. मग सुचेल ते म्हटलं. सुचेल ते म्हणजे... आमच्या घरातले गेलेले. माझा मुलगा. पुतण्याची दोन्ही पोरं. बापाच्या नावासकट घातली त्यात. कुणी ओळखली नाहीत. पुतण्यानेसुद्धा नाही.” त्याने टेबलावरचा न दिसणारा कण बोटाने पुसला. “निदान मला तसं वाटतं. त्याने मान वर केली होती एकदा. मला दरदरून घाम फुटला. काही बोलला नाही.”

बाइंडरने सतरा आणि एकोणिसामधली खाच उघडली. ग्रंथाने तिथे नेहमीचा तो बारीक करकर आवाज केला. पट्टीला खळ लावली, खाचेत बसवली, हाडाच्या पट्टीने घासली. फर्मा आत गेला, किंचित पुढे आला, ओळीत बसला. डाग तसाच होता. वाचक दाराकडे कान देऊन उभा होता. गल्लीत पावलं वाजली की दोघंही थांबत, गेली की दोघंही श्वास सोडत. ग्रंथ मिटून बाइंडरने तो उभा धरला आणि सवयीने कण्यावर अंगठा ठेवला. कातड्यावरून काही लागत नाही. तरी फिरवला.

“तुमचं कोण गेलं?” वाचकाने मागून विचारलं.

“धाकटा भाऊ.”

“नाव?”

बाइंडरने सांगितलं. बऱ्याच वर्षांत ते नाव त्याने तोंडाने उच्चारलं नव्हतं. घरात ‘धाकटा’ म्हटलं की भागायचं. वाचकाने ते नाव हळूच एकदा म्हणून बघितलं, त्याच्या पलीकडच्या हेलात, पहिलं अक्षर जरा लांबवून. “वडिलांचं?” तेही सांगितलं. दोन्ही मिळून त्याने पुन्हा एकदा म्हटलं, डोळे मिटून, पाठ करतात तसं.

फाटक बंद व्हायच्या आत तो परतला. त्याच जवानाने विचारलं, “पोट कसं आहे?” आणि त्याने खरंच बरं आहे म्हणून सांगितलं. घरी बायको दारातच उभी होती, दुपारपासून उभी असावी. पायाला रग लागल्यामुळे एका पायावर भार देऊन. त्याने सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, आणि शेवटी म्हणाली, “डब्यातून खळ घेऊन गेलात? पलीकडचे काय पीठ खात नाहीत?” मग तिने पदराने डोळे पुसले. परवाचं काय, असं तिने विचारलं नाही, पण ते दोघांच्याही मनात होतं. परवा ती पानं वाचली जातील. नवी पट्टी कुणाच्या नजरेला पडली तर? पुतण्याने मान वर केली होती, ती कशासाठी? वाचकाच्या तोंडून, पाठ केलेलं ते नाव, नको तिथे निसटलं तर?

दिवा लावला. दोघं बसले. प्रार्थना नेहमीसारखी सुरू झाली, जिभेला रुळलेली, पायाखालच्या वाटेसारखी. रस्त्यावर काचवाला कुणालातरी काहीतरी सांगून हसत होता. ओळी एकेक करून गेल्या, आणि मग ती आली. ज्यांनी आमचं वाईट केलं. बाइंडरने तोंड उघडलं, आणि आज पहिल्यांदाच त्याला ती ओळ दुसऱ्या टोकाकडून ऐकू आली : फाटकापलीकडे एक खोली, एक खाट, आणि हीच किंवा असलीच एक ओळ म्हणताना अडलेला एक म्हातारा. ‘ज्यांनी’ म्हणजे कोण हे तो म्हातारा नक्की ओळखत होता. बाइंडरचंच कपाळ त्याने दुपारी हातात धरलं होतं. बाइंडर थांबला. आईसारखे ओठ मिटले गेले. ती जागा रिकामी राहिली, एक क्षण, दोन क्षण. दिव्याची वात फुरफुरली, आणि त्याला भीती वाटली की आता काहीतरी वाजेल.

बायकोने डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं. मग डोळे मिटले, आणि ती ओळ तिने पहिल्यापासून म्हटली, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने, दोघांची.